कमिटला तिकीट जोडताना खरा वेळ गेला तो परवानगीत

आमचा कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, रेडमाईन या साधनावर, दोन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर. जुन्या कोडमधली एखादी ओळ कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या कोणत्या नोंदीत आली, हे ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा सांगते. ती का लिहिली, हे तिकिटात असतं. म्हणून कमिटच्या मेसेजात ‘रेफ्स #412’ (तिकीट 412 चा संदर्भ) लिहिलं की त्या तिकिटाखाली कमिट दिसावा, ही जोडणी मी अंगावर घेतली. असे शब्द रेडमाईनच्या सेटिंग्जमध्ये ठरवता येतात. ते पटकन उरकलं.

घोडं अडलं पुढे. रेडमाईन दूरच्या गिट सर्व्हरकडे बघतच नाही. त्याला स्वतःच्या मशीनवर रिपॉझिटरीची, म्हणजे कोड आणि त्याचे सगळे कमिट यांच्या साठ्याची, प्रत लागते. ती ‘गिट क्लोन --मिरर’ने काढायची आणि क्रॉन (ठरावीक वेळाने आज्ञा आपोआप चालवणारी सोय) लावून फेच करत, म्हणजे नवे बदल आणत राहायचं. त्यासाठी एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे जायचं, म्हणजे सर्व्हर विभागाची परवानगी, म्हणजे त्यांचा फॉर्म. तो आधी ‘कारण अपुरे’ म्हणून परत आला. कारण सविस्तर लिहिलं, तर ‘कोडची प्रत दुसरीकडे कशासाठी?’ या शेऱ्यासह पुन्हा परत. शंका रास्त होती, पण ती पहिल्याच वेळी विचारायला काय हरकत होती? तोवर टीममधली सगळी इमानाने तिकीट नंबर लिहीत होती आणि रेडमाईनवर काहीच उमटत नव्हतं. ‘मग लिहायचं तरी कशाला?’ असं एकीने विचारलं, ते मला फार लागलं. शेवटी त्या विभागातल्या सरांसमोर जाऊन बसलो. ‘सर, नेमकं काय लिहिलं तर चालेल?’

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: कनेक्शन रेडमाईनकडून गिटकडे, पोर्ट 22 (एसएसएच जोडणीचा), एकच रिपॉझिटरी, डिप्लॉय की (रिपॉझिटरीत शिरण्याची किल्ली) फक्त वाचण्यापुरती. मंजूर! तुम्ही या चार गोष्टी पहिल्याच फॉर्मात लिहा, एवढ्यासाठी तरी हा अनुभव सांगतोय.

फेच झालं तरी रेडमाईन नवे कमिट वाचतं ते कुणी रिपॉझिटरीचं पान उघडल्यावर. म्हणून त्याच क्रॉनमध्ये फेचनंतर रेडमाईनचा ‘रिपॉझिटरी.फेच_चेंजसेट्स’ (नवे कमिट वाचून घेणारा आदेश) हाही चालवा. आणि हो, शब्द या सगळ्याच्या आधी ठरवा. एकदा आत आलेले कमिट शब्द बदलल्यावर आपोआप पुन्हा तपासले जात नाहीत. दुसऱ्या प्रोजेक्टची तिकिटं जोडायची असतील, तर त्याची सेटिंग वेगळी आहे, तीही तेव्हाच चालू करा. ‘फिक्सेस #412’ने तिकिटाची स्थितीही बदलता येते, पण गिटमधलं नाव किंवा ईमेल रेडमाईनच्या कोणत्याच खात्याशी जुळलं नाही तर तो बदल अनामिकाच्या नावावर पडतो.

मेसेजची ओळ थेट #412 ने सुरू करू नका. एडिटरमध्ये लिहिताना गिट ती टिप्पणी समजून गाळून टाकतं. आमच्यातल्या काहींची नंबर आधी लिहायची सवय मोडेना, त्यांच्या मशीनवर मी ‘कोअर.कमेंटचार’ (टिप्पणीचं चिन्ह ठरवणारी गिटची सेटिंग) बदलून ठेवलं.