भुताच्या घराला चिक्कीचा पाक

गुरुवार, ३१ ऑक्टोबर २०२४
एडिसन, न्यू जर्सी

यंदा नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी. पहाटे उटणं, संध्याकाळी भुतं. आईला इकडे येऊन तीनच आठवडे झालेत. दारावर लटकवलेला सांगाडा तिने सकाळीच भिंतीकडे तोंड करून ठेवला. सणासुदीला हे काय, म्हणे.

लेकीला चॉकलेटचं भुताचं घर हवं होतं. रविवारी मी मोठ्या तोऱ्यात नुसत्या चॉकलेटच्या भिंती ओतल्या. टेम्परिंग करायचं असतं हे ठाऊक होतं: डार्क चॉकलेट ४५ अंशांच्या वर नेऊन वितळवायचं, २८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ वर आणायचं, म्हणजे त्यातलं कोको बटर नीट घट्ट बसतं. पण थर्मामीटर शोधायचा कंटाळा केला. सोमवारी भिंतींवर राखाडी पट्टे, आणि बोट लावलं की ठसा. छप्पर ठेवल्यावर घर हळूच बसलं, दमलेल्या म्हशीसारखं.

मग काल नवा बेत. भिंती कोको घातलेल्या बिस्किटाच्या, चॉकलेट फक्त वरून. सिरिअलच्या खोक्याचे साचे कापले. खिडक्यांच्या भोकांत पिवळ्या गोळ्यांचा चुरा भरून परत ओव्हनमध्ये. वितळून छान काच झाली. एवढं एकच पहिल्या फटक्यात जमलं.

भिंती जोडल्या आयसिंगने. ते वाळायला वेळ लागतो, म्हणून चारी बाजूंनी डाळींचे डबे टेकवले. आज दुपारी डबे काढले आणि मागची भिंत आडवी. फुटली नाही, नशीब. पण अंधार पडायच्या आत मुलं दारात येणार.

आई चकल्या तळत होती. झारा हातात घेऊनच आली, बघितलं. "पाकाने चिकटव की गं."

कढईत नुसती साखर, पाणी नाही. सोनेरी झाल्यावर तिने वाटीतल्या पाण्यात थेंब सोडला, काढून वाटीच्या कडेवर आपटला. टण्ण. "हा चिक्कीचा. आता हात चालव."

भिंतीची कड पाकात बुडवायची, लावायची, दहापर्यंत मोजायचं. बास! हलवून बघितलं तर ढिम्म. माझ्या अंगठ्याला फोड आलाय, लिहितानाही ठणकतोय. पाकाला घाई चालत नाही असं आई लहानपणापासून सांगते, आणि आज तीच घाई करत होती.

लेकीने अंगणात ओरिओचा चुरा पसरला, मिलानो बिस्किटांची थडगी रोवली, आत बॅटरीचा दिवा लावला. मग आजीने दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेला मातीचा मावळा लेकीने थडग्यांमध्ये पहाऱ्याला उभा केला.

आईने तो लगेच उचलला, फुंकरीने चुरा उडवला आणि छपरावर, धुरांड्याशेजारी ठेवला. "गडी वर पाहिजे. तिथून दिसतं."