दोन पेट्या

"मयताच्या घरात तुम्ही ख्रिस्ती लोक गाणी कशी म्हणता हो?" आई गेली त्याला दोन वर्षं होतील, पण आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत हे अजून कुणी ना कुणी विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये दोन पेट्या होत्या. एकीत आई. दुसरी मामांची, वाजवायची. पहिली लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार जिने चढवून आणलेली. मामांच्या पेटीची एक काळी पट्टी रुसलेली. दाबली की वर येत नाही, नखानं उचलावी लागते. पहिलं गीत संपलं. चर्चचे पाळकसाहेब शास्त्रपाठाचं पान शोधत होते आणि मामांचा हात सवयीनं भात्यावर चालूच राहिला. भाता जुना, गळका. सूर नाही, नुसती हवा आत-बाहेर. शेवटचे दोन महिने मी रात्र-रात्र आईचा श्वास मोजत बसलो होतो. मला तो आवाज ऐकवेना. उठून गॅलरीत गेलो.

म्हणजे मी गायलोच नाही. लोकांना वाटतं आम्हाला दुःख कमी होतं. आमच्यातलेही काहीजण "प्रभूजवळ गेली ना, मग रडायचं कशाला" असं दटावतात. मला ते कधीच पटलेलं नाही. लाजराच्या कबरेकडे निघताना येशू रडला, असं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय. चार दिवसांच्या मेलेल्याला आपण आत्ता हाक मारून बाहेर बोलावणार, हे ठाऊक असूनही रडला. आमच्या आशेत मरण खोटं नसतं. देह म्हणजे जुना सदरा, टाकला नि आत्मा सुटला, असंही आम्ही मानत नाही. देव देहासकट उठवील, अशी ती आशा. म्हणून मातीत ठेवतो, आणि "प्रभूत निजली" म्हणतो. खरं सांगू? काही रात्री मला हे अगदी पटतं. काही रात्री नाही.

ज्याला पटत नाही त्याच्या वाटचं मग मंडळी गाते. मी गॅलरीत कठडा धरून उभा होतो आणि आत पंचवीस-तीस माणसं माझ्या वाटचं म्हणत होती. गीत टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आमच्या उपासनेत अभंग-ओवीचा ठेका आणला. त्याआधी मंडळी बहुतेक विलायती चालींवर मराठी शब्द कसेबसे बसवत असे. दारातून मला शेजारच्या काकू दिसत होत्या. हाच प्रश्न त्यांनी सकाळीच माझ्या बायकोला विचारला होता. आता त्यांचं बोट मांडीवर ताल धरत होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ईस्टरला, येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, आमची मंडळी पहाटे अंधारात दफनभूमीत जमते, कबरींवर मेणबत्त्या लावते आणि उजाडेपर्यंत गाते. पहिल्या वर्षी मामांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. साडेचारला नाक्यावर एकच रिक्षा.

"दफनभूमीला सोडा. पेटी आहे बरोबर."

रिक्षावाल्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे अंधारात उभ्या असलेल्या मामांकडे. "साहेब, पेटी रिक्षात कशी बसेल?"

"वाजवायची हो," मामा म्हणाले.