पारानाचे गोडे पाणी
अर्जेंटिनातल्या पाराना नदीतून आमचे पनामॅक्स (पनामा कालव्याच्या मापाचे) मालवाहू जहाज रोझारियोजवळच्या सान लोरेन्झोला सोयाबीन भरायला गेले, तेव्हा मी थर्ड ऑफिसर होतो. नदीत साधारण ३४ फुटांपेक्षा जास्त ड्राफ्ट (जहाज पाण्यात बुडते ती खोली) चालत नसल्याने जहाज तिथे पूर्ण भरता येत नाही. उरलेला माल बाहीया ब्लांकासारख्या समुद्री बंदरात घ्यावा लागतो. शिवाय गोड्या पाण्याची घनता कमी, त्यामुळे जहाज समुद्रापेक्षा अधिक बुडते, आणि म्हणूनच चीफ ऑफिसर मला सारखे ड्राफ्टचे आकडे वाचायला पिटाळत. सोयाबीनची पिवळसर धूळ केसांत, चहात, अंथरुणातही शिरे. पावसाचा थेंब पडताच मात्र हॅचची (मालाच्या कोठारांच्या तोंडांची) झाकणे घाईने बंद होत आणि आम्ही पैलतीरावरची सखल, हिरवी बेटे पाहत बसत असू (थर्ड ऑफिसरला एवढी चैनही पुष्कळ वाटे).