रिकामा रकाना

स्मरणिकेसाठी लिहिण्याविषयी विद्यालयाचे पत्र आले तेव्हा मला सर्वांत आधी आठवला तो पटांगणाच्या कडेला, तारेच्या कुंपणात बसवलेला पर्जन्यमापक. आपला माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला; त्यामुळे त्यात पाणी साठण्याचे दिवस मोजके आणि कोरडे दिवस पुष्कळ. तरीही भूगोलाचे सर आठवीच्या एका मुलाला रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपात्र घेऊन तेथे पाठवीत आणि पाऊस नसेल त्या दिवशी नोंदवहीत शून्य लिहायला लावीत. माझी पाळी असताना एका रविवारी मी गेलो नाही आणि सोमवारी, आभाळ तर निरभ्रच होते म्हणून, मागचा रकाना शून्याने भरला. सरांनी तो खोडायला लावला. "तू बघितलं नाहीस ना? मग तो रकाना रिकामाच राहील," एवढेच ते म्हणाले.

पुढे मी शल्यचिकित्सक झालो आणि मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग हा माझ्या संशोधनाचा विषय ठरला. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्महिने मलम लावणारे, आणि ज्यांची बोटाने साधी तपासणीही कोणी केलेली नाही असे रुग्ण मी आजही पाहतो. शस्त्रक्रियेनंतर त्यांना वाटणारी भीती एकच असते: आजार उलटेल का? गुदाशयाचा कर्करोग उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि ओटीपोटात उलटला तर त्याच्या वेदना फार असह्य असतात.

प्रशिक्षणाच्या काळात, एका रुग्णालयात, अशा रुग्णांचा आढावा घेण्याचे काम माझ्याकडे आले. जे फेरतपासणीला आलेच नाहीत, ते बरे असतील म्हणूनच आले नाहीत, असे गृहीत धरून मी त्यांच्या नावापुढे 'आजार नाही' असे लिहिले. आकडा उत्तम आला, वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि निबंध परिषदेला पाठवण्याचे ठरले. त्या रात्री मला तो खोडलेला रकाना आठवला. मी प्रत्येकाच्या पत्त्यावर जोडकार्ड पाठवले. उत्तरे आली ती बरीचशी मुलांच्या आणि सुनांच्या हस्ताक्षरात. "वडील पौषात वारले, कंबर फार दुखत होती," असे एका कार्डावर होते. मी निबंध मागे घेतला. त्याची खंत मला कधीच वाटली नाही. ज्यांना मी न पाहताच बरे ठरवले होते, त्यांची मात्र अजून वाटते.

या विषयाचा इतिहास वाचला तेव्हा त्यातही मला सरांची नोंदवही दिसली. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी केवळ खालच्या बाजूने गुदाशय काढलेल्या आपल्या 57 रुग्णांचा हिशेब 1908 मध्ये मांडला आणि त्यांपैकी 54 जणांचा आजार उलटला हे उघडपणे छापले; त्या अपयशांचा माग काढत गेल्यामुळेच पोटातून आणि खालून अशी दोन्ही बाजूंनी करावयाची शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केली. पुढे इंग्लंडमधील बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी 1982 मध्ये दाखवले की गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या आवरणात, म्हणजे मेसोरेक्टममध्ये, गाठीच्या खालच्या कडेपासून काही सेंटिमीटर खालपर्यंत कर्करोगाचे सूक्ष्म कण सापडतात, आणि त्या काळच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत या आवरणाचा बराच भाग मागे राहत असे. ते अखंड काढलेल्या 50 रुग्णांवर त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले. ओटीपोटात आजार उलटलेला एकही नव्हता. त्या शून्याला मोल आले ते या पाठपुराव्यामुळे. नेदरलँड्समध्ये तर हीच शस्त्रक्रिया शल्यचिकित्सकांना रीतसर शिकवून 1861 रुग्णांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2001 मध्ये आले: शस्त्रक्रियेआधी अल्प मुदतीचे किरणोपचार घेतलेल्यांत दोन वर्षांत आजार जागीच उलटण्याचे प्रमाण 2.4 टक्के, न घेतलेल्यांत 8.2 टक्के. शल्यचिकित्सकाच्या हाताचे कौतुक लोक फार करतात. माझ्या मते त्या हाताची खरी पारख रुग्ण घरी गेल्यानंतरच्या वर्षांत होते.

आता माझ्या विभागात प्रत्येक रुग्णाचा, त्याच्या घरातील एकाचा आणि शेजाऱ्याचा, असे तीन फोन क्रमांक घेतले जातात. कोणी ठरल्या दिवशी आले नाही तर त्याच आठवड्यात फोन जातो. सुगी चालू असेल, एसटीच्या भाड्याची अडचण असेल, किंवा शस्त्रक्रियेनंतर शौचासाठी पोटावर लावलेल्या पिशवीची लाज वाटून माणूस घराबाहेरच पडत नसेल. ही कारणे कळली की उपायही सापडतात. पिशवीची लाज हा यांतला सर्वांत मोठा अडसर, आणि त्यावर आम्ही वैद्यकीय लोकांनी फार थोडे काम केले आहे, हे मी खेदाने नमूद करतो.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. पावसाच्या त्या जुन्या नोंदवह्या भूगोलाच्या कपाटात अजून असतील, तर त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्याचा सर्व खर्च मी करीन. उतरवणाऱ्याला एवढेच सांगावे की जेथे काही लिहिलेले नाही, तेथे काही भरू नये.