वजनाच्या ऑपरेशनसाठी सर्जनकडे पहिल्यांदा जाताना

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरीसाठी, पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाणाऱ्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात: किती किलो उतरेल आणि खर्च किती येईल? दोन्ही रास्त आहेत. पण त्यांचं खरं उत्तर द्यायचं तर डॉक्टरांना तुमच्याबद्दल बरंच काही कळावं लागतं, आणि त्यातलं निम्मं कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं, ते तुमच्या तोंडूनच यावं लागतं. सर्जन, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक एकाच दिवशी भेटणार असतील तर दोन-तीन तास हाताशी ठेवा. घरात जो स्वयंपाक करतो किंवा ज्याच्या शब्दाला मान आहे, अशा एकाला बरोबर न्या. पुढचं वर्षभर त्याचीही परीक्षा आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून होते. घरचा काटा बऱ्याचदा १५० किलोला थांबतो, त्यामुळे काहींना आपलं खरं वजन तिथेच पहिल्यांदा कळतं. मापताना चपला काढायच्या आणि टाचा, पाठ, डोकं भिंतीला टेकवून उभं राहायचं. हे बारीकसारीक वाटेल, पण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, काढताना वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात, म्हणून उंचीतली चूक दुप्पट बोचते. १०२ किलो वजनाच्या बाईंची उंची चपलांसकट १६० सेंटीमीटर लिहिली तर बीएमआय ३९.८ येतो. चपला काढून तीच उंची १५८ भरली तर तो ४०.९ होतो. मधली ४० ची रेघ विम्यासाठी फार महत्त्वाची आहे.

ऑपरेशन कोणाला करावं याच्या दोन वेगळ्या फूटपट्ट्या आपल्याकडे एकाच वेळी चालतात, आणि लोक इथेच गोंधळतात. डॉक्टरांची फूटपट्टी २०२२ साली बदलली. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या दोन मोठ्या संघटनांनी १९९१ पासूनचे जुने निकष खाली आणले: बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा सल्ला द्यावा, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा. आशियाई माणसाच्या पोटाभोवती कमी वजनातच घातक चरबी साठते, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून विचार करायला हरकत नाही असंही त्यांनी म्हटलं. विम्याची फूटपट्टी मात्र जुनीच राहिली आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या शब्दरचनेनुसार वय १८ किंवा जास्त हवं आणि बीएमआय ४० किंवा जास्त. तो ३५ किंवा जास्त पण ४० च्या खाली असेल, तर इतर उपायांनी वजन न उतरलेलं असावं आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत वारंवार श्वास अडणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी असावं. म्हणजे बीएमआय ३६ आणि गुडघे पार झिजलेले, अशा माणसाला सर्जन ‘करूया’ म्हणतील आणि कंपनी ‘नाही’ म्हणेल. दोघंही आपापल्या नियमानेच बोलत असतात. पॉलिसीतली प्रतीक्षेची वर्षं आणि लठ्ठपणाबद्दलचं कलम घरीच वाचून जा.

एक काळजी सगळ्यात आधी घ्या. पहिल्या भेटीत केसपेपरवर जे लिहिलं जातं, तेच पुढे कॅशलेसच्या अर्जासोबत कंपनीकडे जातं. ‘शुगर किती वर्षांपासून?’ या प्रश्नाला आपण सहज म्हणून जातो, ‘असेल की दहा वर्षं.’ प्रत्यक्षात पहिला रिपोर्ट तीन वर्षांपूर्वीचा असतो आणि पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. आता कागदावर मधुमेह पॉलिसीच्या आधीचा ठरला, आणि तुम्ही तो लपवल्याचा संशय आला. एका अंदाजाने दावा अडकतो. म्हणून जुने रिपोर्ट शोधा, तारखा पाहा आणि खऱ्या तारखाच सांगा. आधी केलेल्या डाएटच्या, जिमच्या, वजनाच्या औषधांच्या पावत्या आणि चिठ्ठ्याही ठेवा. ‘इतर उपाय करून झाले’ याचा पुरावा तोच असतो.

औषधांची नावं पाठ करू नका, पट्ट्याच पिशवीत घालून न्या. काही औषधं इथे फार मोलाची माहिती देतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना, म्हणून तो उशिरा लक्षात येतो. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडची इंजेक्शनं जठर हळू रिकामं करतात. भूल देताना पोटात अन्न उरलेलं असलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, हे भूलतज्ज्ञांना माहीत असायलाच हवं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाही उल्लेख करा. जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात, त्या बायपास ऑपरेशननंतर त्याच गोळ्या पोटात अल्सर करतात.

तंबाखूबद्दल विचारलं की आपल्याकडे उत्तर येतं, ‘सिगारेट नाही.’ आणि मिशरी? ती दात घासायला असते, व्यसन नव्हे, असं घरातल्या बायका मनापासून मानतात. ती हिरड्यांतून रक्तात जाते आणि तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे जठर कापून जोडताना घातलेल्या स्टेपलच्या टाक्यांना भरून यायला पुरेसं रक्त मिळत नाही. पुढे जोडाच्या जागी अल्सर होतो तो वेगळाच. मिशरी, तंबाखू-चुना, गुटखा, सिगारेट, सगळं निदान सहा आठवडे आधी सुटायला हवं आणि पुन्हा लागायला नको. सासूसमोर बोलणं अवघड असेल तर डॉक्टरांना एकटीने भेटायचं आहे असं सरळ सांगा. दारूचंही तसंच. बायपासनंतर ती झपाट्याने चढते आणि व्यसन लागण्याची शक्यता वाढते.

मग झोप. घोरता का, झोपेत श्वास अडल्याचं घरच्यांनी पाहिलंय का, दिवसा पेंग येते का, रक्तदाब आहे का? अशा आठ प्रश्नांची एक यादी असते, आणि तीन किंवा जास्त ‘हो’ आले की स्लीप ॲप्नियाचा संशय धरून झोपेची तपासणी सांगतात. घोरण्याचा खरा साक्षीदार शेजारी झोपणाराच असतो, म्हणूनही कुणीतरी बरोबर हवं. तपासणीत श्वास तासाला ३० किंवा जास्त वेळा अडला तर तो तीव्र प्रकार, आणि मघाच्या विम्याच्या कलमात बसणारा तोच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, निदान न झालेला ॲप्निया भूल उतरताना धोक्याचा असतो. झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशिन काही आठवडे आधी सुरू केलं तर हृदयावरचा ताण कमी होतो.

आहारतज्ज्ञांसमोर ‘मी काहीच खात नाही हो’ हे वाक्य रोज बोललं जातं, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबात फक्त ताट असतं. चार कप चहातली आठ चमचे साखर, डबा भरताना तोंडात टाकलेली चकली, मुलाच्या ताटातला उरलेला भात, देवळातला प्रसाद, हे ‘खाणं’ धरलंच जात नाही. तीन दिवस, त्यातला एक रविवार, जे तोंडात जाईल ते तेव्हाच लिहून काढा आणि तो कागद न्या. उपवास किती करता तेही सांगा. संकष्टी, सोमवार, एकादशी मिळून महिन्यात सहा-सात दिवस होतात, आणि त्या दिवशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट सोडलं तर प्रथिनं जवळजवळ नसतात. ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. शिजवलेल्या वाटीभर डाळीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा धरा. सुरुवातीच्या आठवड्यांत एका वेळी अर्धी-पाऊण वाटीच जाते, म्हणजे वरणभातावर हे गणित सुटत नाही. शाकाहारी माणसाला दूध, दही, पनीर आणि प्रोटीन पावडरीचा आधार घ्यावाच लागतो. हे जमणार आहे का, याचा विचार त्या खुर्चीत बसूनच करा. प्रथिनं कमी पडली की केस गळतात, स्नायू झडतात आणि आकडा उतरत असूनही माणूस खंगतो.

समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे आपल्याला वेडं ठरवलं, असं मनात आणू नका. रात्री उठून खाणं, ताण आला की गोडावर तुटून पडणं, उलटी काढणं, नैराश्य हे आधी कळलं तर त्यावर उपचार होतात. जठर लहान केलं तरी आइस्क्रीम आणि मिल्कशेक सहज उतरतात, म्हणून गोडाची ओढ तशीच राहिली तर दोन-तीन वर्षांत वजन परत चढतं.

बाकी तपासण्यांची यादी लांब असते, ती पाहून घाबरायचं कारण नाही. रक्तात हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृत-मूत्रपिंड, थायरॉइड, जीवनसत्त्व बी१२ आणि डी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). शिवाय ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे. बी१२ आणि डी आपल्याकडे आधीच कमी असतात, ते ऑपरेशनआधी भरून काढणं सोपं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत का ते कळतं. नसले तरी वजन भराभर उतरताना ते तयार होतात, म्हणून नंतर सहा महिने त्याची गोळी देतात.

एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने जठर आतून पाहणं, टाळू नका, कारण कोणतं ऑपरेशन करायचं हे बरंचसं तिच्यावर ठरतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. ते परत जोडता येत नाही, आणि आधीपासून छातीत जळजळ असेल तर ती नळीत वाढते. अशा माणसाला, किंवा जुना मधुमेह असणाऱ्याला, बायपास बरा पडतो: साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट आणि जोड एकच, पण आतड्याचा मोठा भाग वगळला जात असल्याने जीवनसत्त्वांची कमतरता जास्त आणि कधी पित्त वर येतं. ‘शेजारच्या काकूंनी स्लीव्ह केलं’ हे कारण पुरेसं नाही. मधुमेहाला किती वर्षं झाली, इन्सुलिन चालू आहे का आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी रक्ततपासणी) किती, यावरून शुगर कितपत सुटेल याचा अंदाज येतो. पंधरा वर्षांचा आणि इन्सुलिनवरचा मधुमेह पूर्ण जाईल असं कोणी ठामपणे सांगत असेल तर त्यांना पुन्हा विचारा.

किती किलो, याचं उत्तर असं निघतं. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ११० असेल तर बीएमआय २५ चं वजन ६४ किलो, म्हणजे जास्तीचे ४६. त्यातले ६० ते ७० टक्के, साधारण २८ ते ३२ किलो, पहिल्या दीड-दोन वर्षांत उतरतात. माणूस ८० च्या आसपास स्थिरावतो. ६० ची अपेक्षा धरून बसलेल्याला हे पटायला जड जातं, म्हणून ते आधीच बोलून घ्यावं.

आता तुमच्याकडून जाणारे प्रश्न. माझ्यासारख्या रुग्णाला यातला कोणता धोका जास्त? टाका गळला तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, आणि रक्ताची सोय, अतिदक्षता विभाग, एन्डोस्कोपी करणारे डॉक्टर याच इमारतीत आहेत का? तुमच्या रुग्णांतले किती जण पाच वर्षांनीही तपासणीला येतात? मृत्यूचा धोका आता हजारात एकाच्या आसपास आहे, पण गळती, रक्तस्राव आणि पायातली गुठळी फुप्फुसात जाणं हे बोलायलाच हवं. उलट्या दोन दिवसांत थांबल्या नाहीत तर जीवनसत्त्व बी१ कमी होऊन नसांना इजा होऊ शकते, तेव्हा ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही, हेही लक्षात ठेवा.

तिशीच्या आतबाहेरच्या मुलींनी लग्नाचं आणि मुलाचं बोलणं मोकळेपणाने काढावं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असं नाही, त्यामुळे दुसरा उपाय आधीच ठरवा.

खर्चाचा आकडा तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. त्यात जठर कापून टाके घालणाऱ्या स्टेपलरची काडतुसं किती धरली आहेत ते विचारा. एका स्लीव्हला साधारण चार ते सहा लागतात आणि ती महाग असतात. पॅकेजबाहेर काय राहतं, आयसीयूचा जादा दिवस कसा लावतात, तपासण्या त्यात आहेत का? आणि जन्मभराची औषधं वेगळी मोजा: मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, लोह, आणि रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, जे लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब घ्यायचं असतं.

पहिल्याच भेटीत, तपासण्यांआधी, ‘परवा बेड रिकामा आहे, सूट देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नीट चालणाऱ्या ठिकाणी रिपोर्ट घेऊन दुसरी भेट होते, मग दोन आठवड्यांचा, कमी पिष्टमय पदार्थांचा, ८०० ते १००० कॅलरींचा आहार देतात. चरबीने सुजलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर आडवा आलेला असतो. या दोन आठवड्यांत तो आक्रसतो आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. हा आहार सुरू करण्याआधी शुगरच्या गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्या, नाहीतर साखर अचानक उतरून चक्कर येते. ऑपरेशनची तारीख या आहाराच्या पहिल्या दिवसापासून मोजून ठरवायची.