चौकोनी टोक

टोचन करून आणलेला तो ऑफ-रोड ट्रक मी लांबूनच ओळखला, कारण आठ महिन्यांपूर्वी त्याच्या पुढच्या सस्पेन्शनचे दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारे खालचे दांडे, मीच वर प्लेट वेल्ड करून मजबूत केले होते. डावे चाक तिरके होऊन मडगार्डला टेकले होते आणि आर्मचे सरळ दोन तुकडे झाले होते. दगडांतून माणूस चालेल इतक्याच वेगाने गाडी जात असल्यामुळे कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. गाडीखाली शिरून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर माझा जोड शाबूत होता. प्लेट जशीच्या तशी होती आणि आर्म मोडला होता तो प्लेट जिथे संपते त्या कडेला अगदी खेटून. क्षणभर मला बरे वाटले, हे कबूल करतो. आपला जोड सुटला नाही, एवढे कळले की वेल्डिंग करणारा निम्मा निर्धास्त होतो, आणि या प्रकरणात तोच निर्धास्तपणा चुकीचा होता.

लोअर आर्मवर भार कसा येतो हे ठाऊक असेल तर पुढचे लक्षात येईल. आर्मचे आतले टोक बुशमधून, म्हणजे रबरी गादीतून, चेसिसला जोडलेले असते, बाहेरच्या टोकाला चाकाकडचा गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, असतो आणि मधोमध स्प्रिंग बसते. चाक दगडावर चढले की बाहेरचे टोक वर ढकलले जाते, स्प्रिंग मध्येच खाली दाबते, आणि आर्म खालच्या बाजूने ताणला जातो. कारखान्यातून येणारा आर्म अनेकदा पत्र्याचे दोन भाग दाबून आणि जोडून केलेला असतो. रस्त्यासाठी तो पुरेसा असतो. पण मोठी चाके लावून आणि जादा वजन टाकून दगडांवरून उड्या मारायला लागले की स्प्रिंगच्या बैठकीजवळ तो आधी वाकतो आणि मग तडकतो. या गाडीचेही तेच झाले होते, म्हणून मालक माझ्याकडे आले होते.

ते काम मी मन लावून केले होते. आर्म गाडीवरून उतरवून बुश आणि बॉल जॉइंट काढले. जे लोक ते न काढता वेल्डिंग करतात, ते रबर आणि ग्रीस दोन्ही जाळून ठेवतात आणि नंतर गाडी वाजते म्हणून बुशच्या कंपनीला दोष देतात. वेल्डिंगचा करंट परत नेणारा अर्थिंगचा क्लॅम्प थेट आर्मवरच लावला. धातू उजळ होईपर्यंत ग्राइंड केला आणि तेलकटपणा साध्या सॉल्व्हंटने पुसला. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरला मी वेल्डिंगच्या टेबलाजवळ फिरकू देत नाही, कारण आर्कच्या उष्णतेत आणि प्रकाशात त्याचा फॉस्जीनसारखा विषारी वायू होतो. बुशच्या छिद्रांतले अंतर हलू नये म्हणून आर्म जिगवर, म्हणजे माप धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, बोल्टने आवळला. चार मिलिमीटरची प्लेट टॅक केली, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी तात्पुरती जोडली, आणि वेल्डिंगचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे, मध्ये थंड होऊ देत भरले. अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला पडणारी खाच, कुठेही नव्हता. माशाच्या खवल्यांसारख्या बसलेल्या त्या बीडचा, म्हणजे वेल्डच्या रेघेचा, फोटो मी स्वतःहून काढला होता, आणि तो अजूनही माझ्या फोनमध्ये आहे.

घोळ बाहेरच्या टोकाला झाला. प्लेटचे आतले टोक मी नीट निमुळते केले होते, जेणेकरून जाड भागाकडून पातळ भागाकडे भार हळूहळू उतरावा. बाहेरच्या बाजूला मात्र गाडीला वळणावर कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंकचा ब्रॅकेट आडवा येत होता. तो काढायचा म्हणजे आणखी अर्ध्या दिवसाचे काम. मी प्लेट त्याच्या अलीकडेच चौकोनी कापली आणि शेवटची कड आडवी भरून टाकली. प्लेट आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये जेमतेम पंधरा मिलिमीटर मूळ पत्रा उघडा राहिला. दोन्ही बाजूंना ताठ आणि मध्ये बोटभर लवचिक अशी ती जागा मी स्वतःच तयार केली. पूर्वी जे लवणे संपूर्ण आर्मवर पसरत होते, ते आता त्या बोटभर पट्टीत गोळा होऊ लागले, आणि नेमके तिथेच ताणाला आडवे जाणारे वेल्डिंग होते.

मोडलेला तुकडा मी टेबलावर घेऊन भिंगातून पाहिला. मोडलेल्या पृष्ठभागाचा सुमारे एक तृतीयांश भाग गंजून काळसर झाला होता, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशी बारीक वलये होती. सगळ्या वलयांचा उगम एकाच ठिकाणी, आडव्या बीडच्या पायथ्याशी होता. उरलेला भाग ताजा, चमकदार आणि खरबरीत होता. म्हणजे भेग त्या दिवशी पडली नव्हती. ती बऱ्याच दिवसांपासून प्रत्येक खड्ड्यासरशी कणाकणाने पुढे सरकत होती, आणि त्या दिवशी फक्त उरलेला पत्रा हरला.

ती वलये वाचताना मला एक जुना प्रसंग आठवला. दोन महिन्यांपूर्वी मालक गाडी घेऊन आले होते आणि म्हणाले होते, ‘मिस्त्री, डावीकडून कुरकुर येतेय, जरा बघा ना.’ मी दुसऱ्या गाडीत गुंतलो होतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी गाडी उचलून चाक हलवले, ‘बुश सुकलंय’ असे सांगितले आणि फवारा मारून ती परत पाठवली. ते अनुभवी आहेत. पण कान लावून निदान करणे आणि हात लावून निदान करणे यांत त्यांना नेहमी पहिले सोपे वाटते. चिखल खरवडून प्लेटच्या टोकाला वायर ब्रश मारला असता तर भेग तेव्हाच सापडली असती. अर्थात, चिखल मीही खरवडला नाही.

उजवा आर्म वरून निर्दोष दिसत होता, आणि मालकांना फक्त डावाच बदलायचा होता. मी तो उतरवून धुतला, भेगेत शिरणारा लाल रंग, म्हणजे पेनिट्रंट, लावून थोडा वेळ मुरू दिला, पुसला आणि तो भेगेतून बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर वर फवारला. मिनिटभर काही नाही. मग चौकोनी टोकाच्या कडेने एक बारीक लाल रेष उमटली आणि डोळ्यांदेखत ठळक होत गेली. अकरा मिलिमीटर. मालक शेजारीच उभे होते. त्यांनी एकदा रेषेकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि काहीच बोलले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

नवीन आर्म आणल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘या वेळी दहा मिलिमीटरची मारायची का?’ सगळेच हे विचारतात. जाडी म्हणजे ताकद हे लोकांच्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की, प्लेट जिथे संपते तिथे काय होते हे कोणी विचारतच नाही. भारी पोलाद वापरूनही फरक पडत नाही, कारण वारंवार येणाऱ्या भाराखाली वेल्ड केलेल्या जोडाचे आयुष्य पोलादाच्या ताकदीपेक्षा जोडाच्या आकारावर ठरते. ताणातला चढउतार निम्मा केला तर ते आयुष्य ढोबळमानाने आठपट होते. म्हणून या वेळी मी प्लेट उलट पातळ घेतली, तीन मिलिमीटरची. ब्रॅकेट कापून काढला आणि आर्मच्या उभ्या बाजूवर, साधारण मध्यरेषेवर नव्याने बसवला, कारण तिथे वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो. प्लेट बॉल जॉइंटच्या जवळपर्यंत नेऊन दोन्ही टोके लांब निमुळती केली. बीडची सुरुवात किंवा शेवट टोकावर येऊ दिला नाही. टोकाला वळसा घालून ती सलग नेली. मग टोकांचा पायथा आर्मच्या लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत केला, कारण ग्राइंडरचे आडवे ओरखडे राहिले तर पुढची भेग तिथूनच सुरू होते. ब्रॅकेटसाठी खरोखरच अर्धा दिवस गेला.

मला अजून सुटत नाही ते वेगळेच आहे. मी प्लेट मारलीच नसती तर कदाचित मूळ आर्म नुसता वाकला असता, चाक वाकडे झाले असते आणि गाडी रखडत का होईना स्वतःच्या चाकांवर परतली असती. कोऱ्या आर्मवर मजबुतीच करू नये असे म्हणायचेही मन होत नाही, कारण पहिल्यांदा ती गाडी तडकलेल्या आर्मनेच माझ्याकडे आली होती.

प्लेटच्या चारही टोकांवर मी काळ्याऐवजी पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला आहे, म्हणजे भेग पडलीच तर गंजाची रेष लगेच दिसेल. मालक प्रत्येक फेरीनंतर टोके धुऊन फोटो पाठवतात. मागच्या खेपेला डाव्या आर्मच्या बाहेरच्या टोकावर एक तपकिरी रेष दिसली. मी फोन करून त्यांना ओल्या फडक्याने पुसायला सांगितले. पुसल्यावर ती गेली, चिखलच होता. दुसरा फोटो येईपर्यंतची दहा मिनिटे मी हातातला ग्राइंडर बंद करून नुसता उभा होतो.