लायसन्स तिचं, तास माझे

सिडनीत मूल सोळा वर्षांचं झालं की घरातल्या एका माणसाला बिनपगारी नोकरी लागते, गाडी शिकणाऱ्या लेकराच्या शेजारच्या सीटवर बसायची. आमच्याकडे ती माझ्या वाट्याला आली. नवऱ्याने पहिल्याच दिवशी नसलेल्या ब्रेकवर इतक्या वेळा पाय दाबला की लेकीनेच त्याला रजा दिली.

न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, लायसन्स एका परीक्षेत हातात पडत नाही. आधी एल (शिकाऊ परवाना), मग लाल पी, मग हिरवा पी (तात्पुरत्या लायसन्सचे दोन टप्पे, गाडीला तशी पाटी लावायची), आणि सगळं वेळेत पार पडलं तरी पूर्ण लायसन्स विसाव्या वर्षाआधी नाही. सुरुवातीची ४५ प्रश्नांची परीक्षा पाठांतरावर निघते. फक्त सुरक्षेच्या ३० प्रश्नांपैकी २९ बरोबर यावे लागतात.

खरं काम लॉगबुकचं, म्हणजे सरावाचे तास नोंदवायच्या वहीचं. पंचविशीच्या आतल्या शिकाऊला १२० तास भरावे लागतात, त्यातले २० रात्रीचे, आणि एल हातात किमान दहा महिने हवा. शेजारी बसणाऱ्याकडे पूर्ण ऑस्ट्रेलियन लायसन्स पाहिजे. दर फेरीला तारीख, वेळ, ओडोमीटरचा आकडा, हवामान आणि माझी सही. २००७ पर्यंत हेच तास ५० होते. तेव्हाच्या आयांचा मला हेवा वाटतो.

थोडी सूट आहे. परवानाधारक प्रशिक्षकासोबतचा एक तास तीन तास म्हणून लिहिता येतो, असे दहा तासांपर्यंत. पन्नास तास झाल्यावर सेफर ड्रायव्हर्स कोर्स केला की आणखी वीस मिळतात. तरी प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे ऐंशी तास उरतातच. प्रशिक्षक मात्र लवकर लावावा, बोनससाठी नाही तर आपल्या सवयी मुलांना लागण्याआधी. लेन बदलताना मान वळवून बघायची, नुसत्या आरशावर भागत नाही, हे मी शंभरदा सांगितलं. प्रशिक्षकांनी एकदा सांगितलं आणि ते लागू पडलं.

रात्रीचे तास हिवाळ्यात उरकून घ्यावेत, हा माझा सगळ्यात उपयोगी सल्ला. इथे रात्र म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. जूनमध्ये पाचच्या सुमारास अंधार पडतो, क्लासवरून घरी येतानाच तास मोजला जातो. डिसेंबरात सूर्य मावळायला आठ वाजतात, मग जेवणं आटोपून मुद्दाम बाहेर पडा.

निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं की तास वाढतायत, शिकणं थांबलंय. तोच सुपरमार्केट, तीच शाळा. मग आम्ही पाऊस लागला की निघायला लागलो. ग्रेट वेस्टर्न हायवेने डोंगरातल्या कटुंबा गावाला गेलो, उतारावर गियर खाली आणायला शिकलो. एम फोर या मोटरवेवर शिरताना ती रॅम्पच्या टोकाला हळू व्हायची.

"आई, ते मला आत घेतील का?"

"त्यांच्या वेगाने गेलीस तर घेतील. थांबलीस तर कोण घेणार?"

हे जमायला बरेच आठवडे लागले. त्यात एलवर ताशी नव्वद किलोमीटरची मर्यादा. एकशेदहाच्या मोटरवेवर डाव्या लेनमध्ये नव्वदने जाताना मागे ट्रक येऊन चिकटतो, तेव्हा हा नियम केला कोणी असं वाटतं. लाल पीवरही तेच नव्वद, हिरव्यावर शंभर. मला हे अजून पटलेलं नाही.

धोका ओळखण्याची संगणकावरची परीक्षा आणि मग रस्त्यावरची, दोन्ही पार पडल्या. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. इतके तास झाल्यावर परीक्षेत नवं काही येतच नाही.

लाल पी किमान एक वर्ष. त्यात मला सगळ्यात आवडला तो सोबत्यांचा नियम: रात्री अकरा ते पहाटे पाच, पंचविशीच्या आतल्या चालकाच्या गाडीत घरच्यांखेरीज एकवीस वर्षांखालचा एकच जण चालतो. गाडीत मित्रमंडळी भरली की नवख्या पोरांचं लक्ष कुठे असतं, हे कोणाला सांगायला नको. पण याचा खरा फायदा वेगळाच. पार्टीनंतर चौघांनी "सोड ना आम्हाला" म्हटलं तर आईचं नाव न घेता नाही म्हणता येतं. "माझं लायसन्स जाईल" एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. लाल पीवर चारच डीमेरिट पॉइंट असतात, म्हणजे नियम मोडल्यावर कापले जाणारे गुण; ते संपले की लायसन्स निलंबित. वेगमर्यादा दहा किलोमीटरच्या आत ओलांडली तरी चारही एका फटक्यात जातात. दारूचं प्रमाण शून्य, हिरव्या पीवरही.

हिरवा पी आता तिच्या गाडीला लागलाय, दोन वर्षांसाठी. यातसुद्धा फोनला हात लावायचा नाही, अगदी स्टँडला लावून नकाशा बघायलाही बंदी. त्यामुळे ती निघण्याआधी घरीच नकाशा बघते आणि कुठे वळायचं ते कागदावर लिहून घेते. परवा मी फोनवरच्या बाईचं ऐकत चुकीच्या एक्झिटला निघाले होते, तेव्हा शेजारी बसून मला रस्ता तिनेच सांगितला.